ब्रिटनच्या बेटिंग शॉपमध्ये ग्राहकाला आणि कर्मचाऱ्याला कसे वागवले जाते?

प्रश्न विचारणाऱ्या ताई लेस्टरला एम.एस्सी. करत आहेत. तिथल्या मुख्य बाजारपेठेतल्या एका बेटिंग शॉपमध्ये, म्हणजे पैजा लावण्याच्या दुकानात, त्यांना आठवड्याला 20 तासांची नोकरी देऊ केली आहे. नाशिकच्या घरी मात्र ‘मुलगी मटक्याच्या अड्ड्यावर बसणार’ म्हणून सगळे हवालदिल झाले आहेत. ही दुकाने आपल्या ग्राहकांशी आणि नोकरांशी प्रत्यक्षात कशी वागतात, असे त्यांनी विचारले आहे. मी या धंद्यात आधी काउंटरवर, मग मॅनेजर म्हणून आणि पुढे नव्या कर्मचाऱ्यांना शिकवण्याच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे उत्तर सविस्तर देतो. आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. ग्राहकांशी वागणूक आणि नोकरांशी वागणूक असे दोन वेगळे प्रश्न इथे नाहीत. ग्राहकाला जपण्याची जी जबाबदारी कायद्याने कंपनीवर टाकली आहे, ती कंपनीने दुकानातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसावर सोपवलेली असते. त्या माणसाला कंपनी जशी वागवते, तसेच शेवटी ग्राहकाला वागवले जाते.

घरच्यांची भीती आधी दूर करू. मटका बेकायदा आहे आणि तिथे सगळा व्यवहार तोंडी विश्वासावर चालतो. ब्रिटनमधले बेटिंग शॉप हे परवाना घेतलेले, कर भरणारे आणि तपासणीखाली असलेले दुकान आहे. 1960 च्या कायद्याने अशा दुकानांना मान्यता दिली आणि 1 मे 1961 पासून ती उघडली. त्याआधी गल्लीबोळांत आणि कारखान्यांच्या दारांशी पैसे गोळा करणारी माणसे तिथेही होतीच. सुरुवातीला सरकारने ही दुकाने मुद्दाम रूक्ष ठेवायला लावली होती, माणूस आत रमू नये हा हेतू होता. 1986 मध्ये टीव्ही आणि चहा-कॉफीला परवानगी मिळाली. पुढे 2005 चा जुगार कायदा आला आणि सप्टेंबर 2007 पासून पूर्णपणे लागू झाला. आज बर्मिंगहॅमला मुख्यालय असलेले गॅम्बलिंग कमिशन कंपन्यांना परवाना देते आणि दुकानाच्या जागेचा परवाना स्थानिक कौन्सिल देते. थोडक्यात, पोलिसांची धाड पडेल अशी ही जागा नव्हे. पण कायदेशीर असणे आणि माणसांशी नीट वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचा प्रश्न दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

काउंटरवरच्या नेहमीच्या ग्राहकाला चांगले वागवले जाते, हे मी मनापासून सांगतो. दुपारी येणारे निवृत्त कामगार, एकट्या राहणाऱ्या आजी आणि चार घोडे निवडून ‘लकी 15’ लावणारे टॅक्सीवाले ही मंडळी दिवसाकाठी चार-पाच पौंड खर्च करतात, चहा घेतात आणि शर्यत बघून घरी जातात. कोणाचे गुडघ्याचे ऑपरेशन कधी आहे, कोणाचा मुलगा कुठे आहे, हे काउंटरवरच्या मुलीला ठाऊक असते. एखादा म्हातारा दोन दिवस आला नाही तर त्याची चौकशी करणारी माणसे मी याच दुकानांत पाहिली आहेत. पैशांच्या बाबतीतही फसवणूक सहसा होत नाही. वाद होतात ते बहुतेक नियम ग्राहकाला माहीत नसल्यामुळे.

असा वाद तुमच्याही वाट्याला येईल म्हणून एक उदाहरण देतो. ग्राहकाने एका घोड्यावर 4/1 भावाने 10 पौंड लावले आणि घोडा जिंकला. आता 40 पौंड जिंकले आणि मुद्दलाचे 10, असे 50 मिळणार म्हणून तो स्लिप पुढे करतो. पण पैज लावल्यानंतर शर्यतीतून 2/1 भावाचा एक घोडा काढून घेतलेला असतो. जोरदार प्रतिस्पर्धी कमी झाल्यामुळे उरलेल्यांची शक्यता वाढते, म्हणून ‘रूल 4’ नावाच्या नियमाप्रमाणे जिंकलेल्या रकमेतून पौंडामागे 30 पेन्स कापले जातात. 40 मधून 12 गेले, उरले 28, आणि मुद्दल धरून 38. मशीन 38 दाखवते, ग्राहकाला वाटते की 12 पौंड तुम्ही खाल्ले, आणि मागे रांगेत सहा माणसे पुढची शर्यत सुटण्याआधी पैसे लावायला घाईला आलेली असतात. अशा वेळी कागदावर आकडे मांडून, आवाज न चढवता समजावून सांगणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे. तरीही ग्राहकाचे समाधान झाले नाही तर त्याने कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर आयबास या स्वतंत्र लवादाकडे जायचे. तिथे ग्राहकाला फी नाही. 2007 पूर्वी पैजेचे पैसे कोर्टात वसूलच करता येत नसत, आता येतात. ही मोठी सुधारणा आहे आणि ती प्रत्येक ग्राहकाला सांगायला हवी.

जिंकणाऱ्या ग्राहकाची गोष्ट निराळी. पैज स्वीकारलीच पाहिजे असे बंधन ब्रिटनमध्ये बुकमेकरवर, म्हणजे पैज घेणाऱ्यावर, नाही. कोणी सतत चांगल्या भावाला पैसे लावतो आहे असे दिसले की त्याच्या रकमेला कात्री लागते. तो स्लिपवर 8/1 भावाने 200 पौंड लिहितो, गल्ल्यावरचे मशीन परवानगी मागते, तुम्ही मुख्य कार्यालयाला विचारता आणि उत्तर येते की 25 पौंड या भावाने घ्या, बाकीचे शर्यत सुटतानाच्या भावाने. कारण तुम्हालाही कळवलेले नसते. ते उत्तर त्याच्या तोंडावर सांगायचे काम मात्र तुमचे. धंदा म्हणून कंपनीला स्वतःचा धोका मर्यादित ठेवण्याचा अधिकार आहे हे मला मान्य आहे. पण ज्या कंपनीला जिंकणारा माणूस चार पैजांत ओळखता येतो, तिलाच वर्षानुवर्षे हरणारा माणूस ओळखता येत नाही, हे म्हणणे मला कधीही पटलेले नाही.

यातूनच आपण मशीनकडे येतो. दुकानाच्या एका बाजूला जुगार खेळायची चार मशीन दिसतील. चारच का, तर कायद्याने एका दुकानात त्याहून जास्त ठेवता येत नाहीत. या मशीनवर पूर्वी रूलेटसारख्या खेळात दर 20 सेकंदांना 100 पौंडांपर्यंत लावता येत होते, म्हणजे एका मिनिटात 300 पौंड. दुकानाचे मोठे उत्पन्न या मशीनमधून येऊ लागले. 2007 पासून नवीन दुकानाला ‘या भागात गरज आहे का’ ही जुनी अटही राहिली नव्हती. मग कंपन्यांनी सरळ हिशेब केला: एका दुकानात चार मशीन, तर शेजारी दुसरे दुकान काढले की आठ. पूर्व लंडनमधल्या ईस्ट हॅमला हाय स्ट्रीट नॉर्थ हा रस्ता आहे. आपल्याकडच्या डाळी-मसाल्यांची, साड्यांची, सोन्याची दुकाने तिथे ओळीने आहेत. या एका रस्त्यावर एके काळी दीड डझन बेटिंग शॉप होती. श्रीमंत वस्तीत असे चित्र तुम्हाला दिसणार नाही. त्या भागाच्या न्यूहॅम कौन्सिलने पुढाकार घेतला, इतर अनेक कौन्सिलांना बरोबर घेऊन सरकारकडे एका डावाला लावायची रक्कम कमी करण्याची मागणी लावून धरली आणि अखेर 1 एप्रिल 2019 पासून 100 पौंडांची मर्यादा 2 पौंडांवर आली. अंमलबजावणी लांबणीवर पडते आहे म्हणून जुगाराचा विषय सांभाळणाऱ्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी नोव्हेंबर 2018 मध्ये राजीनामा दिला होता. स्वतःच्या सरकारविरुद्ध एवढ्या ठाम उभ्या राहिलेल्या मंत्री विरळाच, म्हणून त्यांचे नाव आवर्जून घेतो.

तेव्हापासून दुकानांतले वातावरण खूप निवळले आहे. तासाभरात आठवड्याचा पगार घालवून मशीनवर खुर्ची आपटणारा माणूस आता क्वचित दिसतो. तरी मशीन निरुपद्रवी झाले, असे समजू नका. आजच्या मशीनवर एका डावाला 2 पौंड लावता येतात आणि डाव अडीच सेकंदांत संपतो, म्हणजे हात न थांबवता खेळणारा माणूस मिनिटाला 48 पौंड फिरवू शकतो. त्यातले काही परत येतात, पुन्हा आत जातात आणि या फेऱ्यांमध्ये किती गेले याचे भान सुटते.

आता तुमच्या कामातला सर्वांत अवघड भाग. त्रासात असलेला ग्राहक ओळखून त्याच्याशी बोलणे ही परवान्याची अट आहे. प्रशिक्षणात तुम्हाला लक्षणे सांगतील: वारंवार पैसे काढायला बाहेर जाणे, हरल्यावर रक्कम वाढवत नेणे, चिडणे, उसने मागणे, दुकान उघडण्याआधी दारात उभे राहणे. मशीनची सूचना तुमच्या पडद्यावर येते, तुम्ही काउंटर सोडून त्या माणसाजवळ जायचे, बोलायचे आणि परत येऊन नोंद करायची. हे सगळे योग्यच आहे. प्रश्न असा की एकोणीस वर्षांच्या मुलीने, दुकानात दुसरे कोणी नसताना, सहाशे पौंड हरलेल्या आणि घामाने डबडबलेल्या माणसाजवळ जाऊन ‘थोडी विश्रांती घेणार का’ असे नेमके कोणत्या बळावर विचारायचे? जिथे दोन माणसे कामावर असतात तिथे हे बोलणे खरोखर होते. जिथे एकच असतो तिथे नोंदवहीत ‘बोललो, ग्राहक ठीक आहे’ अशी ओळ पडते आणि प्रत्यक्षात कोणी जागचे हललेले नसते. त्या ओळीचा दोष मी कर्मचाऱ्याला देत नाही. माणूस कमी ठेवायचा निर्णय त्याचा नसतो.

शिवाय एकाच तोंडाने दोन गोष्टी बोलायला लावल्या जातात. मी काम केलेल्या एका कंपनीत ग्राहकांना मोबाइलवरचे खाते उघडून देण्याचे लक्ष्य दुकानाला दिलेले असे आणि त्याचा तक्ता मागच्या खोलीत लावलेला असे. ज्याला सकाळी ‘जरा बेताने खेळा’ म्हणायचे, त्यालाच संध्याकाळी घरी बसून रात्रभर खेळता येईल असे खाते काढून द्यायचे. तुमच्या दुकानात असे लक्ष्य आहे का, हे नक्की विचारा. त्या एका उत्तरावरून कंपनीचा कल समजतो.

कंपन्यांच्या हातून चुका होत नाहीत असे नाही आणि त्यांना त्याची किंमतही मोजावी लागली आहे. ऑगस्ट 2022 मध्ये एंटेन या लॅडब्रोक्सच्या मालक कंपनीला 1 कोटी 70 लाख पौंड भरावे लागले, त्यातले 30 लाख दुकानांमधल्या त्रुटींबद्दल होते. मार्च 2023 मध्ये विल्यम हिलच्या कंपन्यांना मिळून 1 कोटी 92 लाख पौंडांचा फटका बसला. हरणाऱ्या ग्राहकांकडे वेळेत लक्ष न देणे हे दोन्हींतले मोठे कारण होते. अशा कारवाईनंतर वरून खालपर्यंत नवे फॉर्म, नव्या चाचण्या आणि नव्या सूचना येतात. माणसे मात्र वाढत नाहीत. हे मी वारंवार पाहिले आहे.

जुगार सोडू पाहणाऱ्या माणसासाठी ‘सेल्फ-एक्स्क्लूजन’ची सोय आहे. एका फोनवर तो स्वतःच्या घराजवळच्या आणि कामाजवळच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या दुकानांतही स्वतःला किमान सहा महिने प्रवेशबंदी करून घेऊ शकतो. कल्पना फार चांगली आहे. तिची अंमलबजावणी मात्र चेहरे लक्षात ठेवण्यावर अवलंबून आहे. त्या माणसाचा फोटो दुकानांना जातो आणि तो आत शिरला तर काउंटरवरच्या माणसाने त्याला ओळखून थांबवायचे असते. पाच वर्षे एकाच दुकानात असलेली बाई हे लीलया करते, कारण ती त्याला नावाने ओळखते. आज या दुकानात, उद्या त्या दुकानात पाठवलेला नवा मुलगा ते करू शकत नाही. म्हणून कर्मचारी टिकवणे हा खरे तर ग्राहकाच्या संरक्षणाचा भाग आहे आणि त्याकडे कोणी त्या दृष्टीने बघत नाही. ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठीची गॅमस्टॉप ही यंत्रणा वेगळी आहे. त्यात नाव घातले म्हणून दुकानात बंदी होत नाही, ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट करून सांगा.

एकट्याने दुकान सांभाळण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. रात्री दहापर्यंत, हिवाळ्यात जिथे चार वाजता अंधार पडतो अशा देशात, गल्ल्यात रोख रक्कम ठेवून एकच माणूस बसवणे मला कधीही योग्य वाटलेले नाही. स्वच्छतागृहात जायचे तर दुकान बंद करावे लागते आणि जेवण काउंटरवरच दोन शर्यतींच्या मध्ये उरकावे लागते. दारूच्या नशेतल्या टोळक्याला बाहेर काढायचे तर मदतीला फक्त भिंतीवरचे धोक्याचे बटण असते. मे 2013 मध्ये दक्षिण लंडनमधल्या मॉर्डन इथे असे एकट्याने दुकान सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचा कामावर असताना खून झाला. त्यानंतर बरीच चर्चा झाली, पण एकट्याने काम करण्याची पद्धत बंद झालेली नाही. ‘धोक्याचा अंदाज घेऊन’ ती ठेवली जाते आणि तो अंदाज घेणारा माणूस रात्री साडेनऊ वाजता त्या दुकानात नसतो.

पगाराबद्दल थोडक्यात. काउंटरवरचा पगार कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाच्या आसपास असतो. एप्रिल 2025 पासून 21 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी ते तासाला 12 पौंड 21 पेन्स होते आणि दर एप्रिलला बदलते. दुकान बंद करून गल्ला मोजण्याच्या वेळेचे पैसे मिळतात का, हे पाहा. सुमारे दहा वर्षांपूर्वी देशात जवळपास 9,000 बेटिंग शॉप होती, आता 6,000 हून कमी उरली आहेत. 2019 मध्ये एकट्या विल्यम हिलने सुमारे 700 दुकाने बंद करण्याचे जाहीर केले होते. त्यामुळे नोकरी कायमची समजू नका. कम्युनिटी नावाची कामगार संघटना या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना सभासद करून घेते. तिची वर्गणी मला तरी कधी जड वाटली नाही आणि भांडणाच्या प्रसंगी सोबत बसणारा माणूस असणे किती मोलाचे असते, ते वेळ आल्यावरच कळते.

वयाची तपासणी हा भाग मात्र हलक्यात घेऊ नका. 18 वर्षांखालच्या व्यक्तीला खेळू देणे हा गुन्हा आहे आणि कोवळ्या दिसणाऱ्या तरुण गिऱ्हाइकांना पाठवून दुकानांची परीक्षा घेतली जाते. ओळखपत्र मागितल्यावर शिव्या देणाऱ्या ग्राहकापेक्षा न मागितल्याबद्दल मिळणारी नोटीस जास्त महाग पडते. आपल्याकडच्या मुलींना मोठ्या माणसाकडे ओळखपत्र मागताना संकोच वाटतो, असा माझा अनुभव आहे. तो पहिल्याच आठवड्यात सोडावा लागतो.

लेस्टरमध्ये आणखी एक गोष्ट घडेल. काउंटरच्या पलीकडे गुजराती, पंजाबी आणि अधूनमधून मराठीही बोलणारी माणसे उभी असतील. आपल्याच भाषेतली मुलगी दिसल्यावर एखादा काका घरी न सांगितलेले तुम्हाला सांगेल: हप्ता थकला आहे, बायकोला ठाऊक नाही. ऐकून घ्या, जुगाराच्या त्रासात मदत करणाऱ्या गॅमकेअर या संस्थेचे पत्रक हातात द्या आणि सेल्फ-एक्स्क्लूजनचा फॉर्म आपल्या भाषेत समजावून सांगा. मराठीत किंवा गुजरातीत सांगितलेल्या चार वाक्यांनी जे साधते, ते भिंतीवरच्या मोठ्या इंग्रजी फलकाने साधत नाही. पण त्याला स्वतःचे पैसे देऊ नका, तुमचा फोन नंबर देऊ नका आणि झालेले बोलणे मॅनेजरच्या कानावर घाला.

नोकरी घ्यावी की नाही, हे तुमच्या मुलाखतीतल्या प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरवा. संध्याकाळी सहानंतर दुकानात किती माणसे असतात? पहिल्या महिन्यात माझ्यासोबत कोण असेल? ग्राहकाशी बोलल्यानंतर तो अंगावर आला आणि मी दुकान बंद केले, तर कंपनी माझ्या बाजूने उभी राहील का? गल्ल्यात पैसे कमी भरले तर काय होते? विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा असते. ‘आज कोणी नाही, दोन तास जास्त थांब’ असे म्हटले तर नाही म्हणायची मोकळीक आहे का, हेही विचारून घ्या, कारण ती मर्यादा मोडली तर तुमचे शिक्षण अडचणीत येईल. दुपारची शिफ्ट, सोबत अनुभवी माणूस आणि सरळ उत्तरे देणारा मॅनेजर मिळत असेल तर नोकरी खुशाल घ्या. हिशेब, कायदा आणि माणसे या तिन्ही गोष्टी तिथे शिकायला मिळतात. संध्याकाळी एकटीने दुकान सांभाळावे लागेल असे त्यांनी सांगितले, तर नम्रपणे नकार द्या. तेवढ्याच पगाराची कामे त्याच रस्त्यावरच्या सुपरमार्केटमध्ये आणि औषधांच्या दुकानातही मिळतात.